बंद म्हणजे खरंच बंद : न दिसणारा प्रकाश गिळणाऱ्या रंगांची गोष्ट

लोकलमध्ये नेटवर्क गेलं म्हणून ज्यांचा मागचा भाग अर्धाच ऐकून झाला, त्यांच्यासाठी हे त्याचं लिखित रूप. बोलताना मी जिथे अडखळले आणि जिथे तेच ते दोनदा सांगितलं, तेवढं काढून टाकलंय. बाकी जसं बोलले तसंच.

आधी एक काम करा. टीव्हीचा रिमोट घ्या, मोबाईलचा सेल्फी कॅमेरा चालू करा, रिमोटचं तोंड कॅमेऱ्याकडे धरा आणि कुठलंही बटण दाबा. स्क्रीनवर एक जांभळट ठिपका लुकलुकताना दिसेल. आता तोच रिमोट नुसत्या डोळ्यांनी बघा. काहीच नाही. मागच्या कॅमेऱ्यातून ठिपका दिसला नाही तर फोन बिघडला असं समजू नका, तिथे बहुतेक वेळा हा प्रकाश अडवणारी काच बसवलेली असते. रिमोटचा प्रकाश साधारण ९४० नॅनोमीटरचा असतो, आणि आपले डोळे ७०० च्या आसपास हात टेकतात. त्याच्या लगेच पलीकडचा जो पट्टा, तो नियर-इन्फ्रारेड. मराठीत अवरक्त म्हणतात, पण रसायनाच्या लॅबमध्ये सगळे 'एनआयआर'च म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणणार आहे.

दुसरा प्रयोग रात्री, दिवे घालवून. फोनचा टॉर्च लावा आणि त्यावर बोट दाबून धरा. बोट लालभडक दिसतं. टॉर्चचा प्रकाश तर पांढरा होता, मग त्यातला निळा आणि हिरवा गेला कुठे? रक्तातल्या हिमोग्लोबिनने तो गिळला. लाल मात्र पार झाला. लालच्याही पुढे गेलं की प्रकाशाला अंगातून जाणं आणखी सोपं होतं, ते साधारण ९०० पर्यंत. त्यानंतर पाणी आडवं यायला लागतं, आणि आपण बहुतांशी पाणीच आहोत. म्हणजे ६५० ते ९०० च्या दरम्यान आपल्या शरीराला एक खिडकी आहे. कोविडमध्ये बोटाला लावलेला तो चिमटा आठवतोय ना, ऑक्सिमीटर? त्याचा एक दिवा ६६० चा आणि दुसरा ९४० चा असतो. तोही याच खिडकीतून आणि तिच्या कडेच्या जरा पलीकडून आत डोकावतो.

तर आजचा प्रश्न असा. या खिडकीतला प्रकाश शोषणारं रंगद्रव्य बनवायचं, पण असं की त्याला बटण असेल. एरवी बंद, आणि हवं त्या जागी पोचलं की चालू. हे कशाला हवं, ते सांगायला मला माझ्या मावशीकडे जावं लागेल.

मावशी सांगलीची. काही वर्षांपूर्वी तिला स्तनात एक छोटी गाठ सापडली. सगळा स्तन न काढता फक्त गाठ आणि तिच्याभोवतीचा थोडा भाग काढायचा असं ठरलं. ऑपरेशन छान झालं, चार दिवसांत ती घरी येऊन मला फोनवरून आमटीत काय कमी पडतंय ते सांगायला लागली. आणि मग रिपोर्ट आला. काढलेल्या तुकड्याच्या कडेपर्यंत कॅन्सरच्या पेशी होत्या. म्हणजे कडेच्या पलीकडे, आतमध्ये, काही राहिल्या असण्याची शक्यता होती. पुन्हा भूल, पुन्हा टाके. डॉक्टरांची चूक होती का? अजिबात नाही. ऑपरेशन चालू असताना त्यांच्याकडे होते दोन डोळे आणि बोटांचा स्पर्श. कॅन्सरची पेशी आणि शेजारची चांगली पेशी दोन्ही सारख्याच दिसतात. मावशी काही अपवाद नव्हती. इंग्लंडमधल्या २००५ ते २००८ या काळातल्या नोंदी तपासल्या तेव्हा असं ऑपरेशन झालेल्या पाचातल्या एकीला पुन्हा टेबलावर जावं लागल्याचं आढळलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, पेशी रंगवा ना! रंगवतात. इंडोसायनीन ग्रीन नावाचं एक एनआयआर रंगद्रव्य फोटोफिल्म बनवणाऱ्या कोडॅक कंपनीच्या प्रयोगशाळेतून आलं आणि १९५९ पासून अमेरिकेत माणसांवर वापरायला परवानगी आहे. शिरेतून दिलं की रक्तातल्या प्रथिनांना चिकटतं, ८०० च्या आसपास प्रकाश शोषतं, थोडा पुढचा प्रकाश परत देतं, आणि काही मिनिटांत यकृत ते बाहेर काढायला लागतं. रक्त कुठे पोचतंय, लिम्फच्या गाठी कुठे आहेत हे बघायला उत्तम. पण ते कायम चालू असतं. जिथे जाईल तिथे चमकणार. त्याला कॅन्सर आणि निरोगी भाग यांतला फरक कळत नाही.

म्हणून बटण.

बटण असलेला रंग तुमच्या स्वयंपाकघरात आहे. शर्टावर हळदीचा डाग पडला आणि आईने त्यावर साबण घासला की डाग एकदम लाल होतो. लिंबू पिळलं की परत पिवळा. हळद आणि चुना एकत्र करून कुंकू बनवायची जुनी पद्धतही याच तत्त्वावर आहे. होतं काय, तर हळदीतल्या कर्क्युमिनच्या रेणूला एक हायड्रोजन लटकलेला असतो. साबण किंवा चुना तो ओढून घेतो. मागे राहिलेला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन जास्त जोराने पुढे ढकलायला लागतो आणि रेणू जो प्रकाश गिळायचा तो निळ्याकडून हिरव्याकडे सरकतो. हिरवा गेला की उरतं ते लाल दिसतं. एका हायड्रोजनचा फरक, बस. जगातली बरीचशी 'चालू-बंद' रंगद्रव्यं याच युक्तीवर चालतात, फक्त साबणाच्या जागी एखादं एन्झाइम असतं. कॅन्सरच्या पेशींमध्ये जास्त असणारं एन्झाइमच ते झाकण काढू शकेल, असं झाकण ऑक्सिजनवर बसवायचं.

पण हळदीला खिडकीपर्यंत नेणार कसं? ती निळ्या-हिरव्यातच खेळतेय. इथे तंबोरा आठवा. तार लांब केली की स्वर खाली जातो. रेणूतही कार्बनची एक साखळी असते, एकाआड एक डबल बाँड, आणि त्यावर इलेक्ट्रॉन इकडून तिकडे फिरत असतात. साखळी लांब केली की त्यांना उडी मारायला कमी ऊर्जा पुरते, म्हणजे प्रकाश लालच्या दिशेने सरकतो. सायनीन नावाच्या घराण्यात हे इतकं नियमित आहे की मला अजून नवल वाटतं. मधल्या साखळीत तीन कार्बन असतील तर शोषण ५५० च्या आसपास. पाच केले, ६५०. सात केले, ७५०. दर दोन कार्बनमागे शंभर नॅनोमीटर, दुकानात दर लावल्यासारखे! दुसरा मार्ग म्हणजे साखळी तेवढीच ठेवून मधला एखादा अणू बदलणं. रोडामीन नावाच्या गुलाबी रंगद्रव्यातला एक ऑक्सिजन काढून तिथे सिलिकॉन बसवला की शोषण ५५० वरून ६५० पर्यंत जातं. एकच अणू बदलून शंभर नॅनोमीटर.

मग अकरा कार्बन, तेरा कार्बन करत का जात नाहीत? करून बघितलंय लोकांनी. लांब साखळी लुळी पडते, हवेतला ऑक्सिजन तिला मधूनच कुरतडतो, आणि ती पाण्यात न विरघळता एकमेकींना चिकटून गठ्ठे करते. हळदीचा डाग आई उन्हात वाळत घालते आणि तो फिका होतो ना, तसंच, फक्त कित्येक पटींनी लवकर.

मला हे पुस्तकातून कळलं नाही. एमएस्सीच्या शेवटच्या वर्षी प्रोजेक्टला मी सात कार्बनवालं सायनीन बनवलं होतं. स्फटिक सुंदर होते, हिरवे आणि वर सोनेरी झाक. आता एनआयआर शोषणारा रंग हिरवा का दिसावा? खरं तर त्याचं मुख्य काम आपल्याला दिसतच नाही. आपल्याला दिसतं ते फक्त त्याच्या शोषणाचं लालमध्ये आलेलं शेपूट. पुढची पायरी होती त्याला बंद करायची. फ्लास्कमध्ये सोडियम बोरोहायड्राइडची चिमूट टाकली आणि बघता बघता हिरवा रंग उडाला, जवळजवळ पाण्यासारखं द्रावण झालं. साखळीच्या टोकाला एक हायड्रोजन जाऊन बसला होता. तंबोऱ्याच्या तारेवर मधेच बोट ठेवावं तशी साखळी तिथे तुटते. इलेक्ट्रॉनना धावायला मैदानच उरत नाही. या 'हायड्रोसायनीन'ची कल्पना अमेरिकेत निरेन मूर्ती यांच्या गटाने २००९ मध्ये मांडली होती. सूज आलेल्या किंवा ताणाखाली असलेल्या पेशींमध्ये जे आक्रमक ऑक्सिजन तयार होतात, ते हा हायड्रोजन काढून नेतात आणि रंग परत चालू होतो. म्हणजे रंग दिसला तिथे गडबड आहे.

मी खूश होऊन फ्लास्क टेबलावरच ठेवला आणि शनिवार-रविवार घरी गेले. सोमवारी आले तर द्रावण पोपटी! ना पेशी, ना सूज, ना कुठला आजार. खोलीतल्या साध्या हवेने माझं बटण दाबलं होतं. नायट्रोजन भरून फ्रीझरमध्ये ठेवायचं असतं हे माझ्या वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. मी वाचलं नव्हतं, इतकंच.

तो फ्लास्क बघून मला जे कळलं ते या भागाचं खरं कारण आहे. आम्ही सगळे महिनोन्महिने रंग किती गडद होतो, किती पुढे सरकतो याच्या मागे होतो. अडतं भलतीकडेच. चालू करणं सोपं आहे. पूर्ण बंद ठेवणं अवघड आहे.

एक गणित करून बघू. आकडे माझ्या मनाचे आहेत, पण पटकन समजतील. समजा शंभर रेणू टोचले. दोन गाठीत पोचले आणि चालू झाले, ९८ बाकी अंगात बंद अवस्थेत फिरतायत. बंद रेणू चालूच्या शंभरावा भाग जरी दिसत असेल, तरी त्या ९८ चा मिळून जवळजवळ एका चालू रेणूएवढा उजेड झाला. गाठीचा उजेड दोन, बाहेरचा एक. सर्जन काय बघणार? आता बंद रेणू हजारावा भाग दिसतो असा बनवला, तर बाहेरचा उजेड ०.१ च्या आत, आणि फरक वीसपट. हे ९८ काही एकाच जागी नसतात, मान्य, पण मुद्दा लक्षात घ्या. चालू रेणूला आपण हातही लावला नाही. फक्त अंधार सुधारला.

सिलिकॉन-रोडामीनचं कौतुक यासाठीच आहे. २०१३ मध्ये काई योन्सन यांच्या गटाने दाखवलं की हा रेणू मोकळा असताना स्वतःभोवती वळून एक कडी लावून घेतो. कडी लागली की बिनरंगी, आणि नेमक्या प्रथिनाला चिकटला की कडी उघडते. दुकानातल्या थर्मल बिलाच्या कागदावर हीच कडी असते. त्या कागदावर बिनरंगी रंगद्रव्य आणि एक आम्ल शेजारी शेजारी बसवलेले असतात. प्रिंटरच्या उष्णतेने दोन्ही वितळून भेटतात, कडी उघडते आणि अक्षर उमटतं. रसायनशास्त्रज्ञांचं काम असतं ही कडी किती घट्ट ठेवायची ते ठरवणं. फार सैल, तर रंग सगळीकडे. फार घट्ट, तर हव्या त्या जागीही उघडत नाही. इथे कुठला एक बरोबर आकडा नाही. प्रत्येक वापराला वेगळा.

आता एक फरक, जो मला स्वतःला समजायला बराच वेळ लागला. रंगाचं 'चमकणं' बंद करणं वेगळं आणि त्याचं 'शोषणं' बंद करणं वेगळं. चमकणं बंद करायला शॉर्टकट आहे. रेणूच्या शेजारी दुसरा रेणू बांधायचा, जो त्याची ऊर्जा हिसकावून घेतो. मधली दोरी एन्झाइमने कापली की पहिला चमकायला मोकळा. अशा पद्धतीचं एक औषध प्रत्यक्षात आलंय. पेगुलिसियानीन. अमेरिकेत एप्रिल २०२४ मध्ये स्तनाच्या गाठीच्या ऑपरेशनसाठी त्याला परवानगी मिळाली. ऑपरेशनच्या काही तास आधी शिरेतून द्यायचं, गाठ काढून झाली की उरलेल्या पोकळीत हातातल्या उपकरणाने उजेड टाकून बघायचं, काही चमकतंय का. ते पाच कार्बनच्या सायनीनवर बेतलेलं आहे, म्हणजे खिडकीच्या अगदी उंबरठ्यावर, पण पोकळीचा पृष्ठभागच बघायचा असल्यामुळे चालून जातं.

त्याच्या चाचणीत ३५७ बायकांपैकी २७ जणींमध्ये, नेहमीचं ऑपरेशन पूर्ण झाल्यावरही राहिलेला कॅन्सर या रंगामुळे सापडला आणि तिथल्या तिथे काढता आला. दुसरी बाजूही सांगते. राहिलेला कॅन्सर किती नेमकेपणे पकडायचा याचं जे उद्दिष्ट आधी ठरवलं होतं, ते गाठता आलं नाही. काही वेळा चमकायला हवं तिथे चमकलं नाही, काही वेळा उगाच चमकलं. आणि काहींना तीव्र ॲलर्जीची प्रतिक्रिया येऊ शकते, म्हणून औषधावर सगळ्यात कडक इशारा छापलेला आहे.

पण गाठ खोलवर असेल, पोट न उघडता बघायची असेल, तर चमक उपयोगाची नाही. परत येणारा प्रकाश वाटेत इतका विखुरतो की धुक्यातल्या हेडलाइटसारखं नुसतं धुरकट दिसतं. तिथे वेगळी युक्ती. लेसरचा अगदी क्षणभराचा झोत टाकायचा. रंगद्रव्य तो शोषतं, कणभर तापतं, फुगतं, आणि त्यातून बारीक आवाज निघतो. तो आवाज सोनोग्राफीच्या यंत्राने ऐकायचा. आवाज प्रकाशाइतका विखुरत नाही. प्रकाशाने आवाज होतो हे टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेल यांनी १८८० मध्येच पाहिलं होतं. आणि इथे शेजारी रेणू बांधायचा शॉर्टकट चालत नाही, कारण चमक बंद असली तरी शोषण चालूच राहतं आणि आवाज येतच राहतो. इथे शोषणच बंद व्हायला हवं. माझ्या फ्लास्कसारखं, फक्त सोमवारपर्यंत टिकणारं!

त्यात पुन्हा रक्तही आवाज करतं. खिडकीत हिमोग्लोबिन कमी शोषतं, शून्य नाही. जत्रेच्या गर्दीत आपला माणूस शोधायचा असेल तर काय करतो? फोन करून म्हणतो, हात हलव. गर्दी हलत नाही, हात हलतो. २०१६ मध्ये अमेरिकेत लिहोंग वांग आणि व्लादिस्लाव वेर्खुशा यांच्या गटांनी हेच केलं. एका जिवाणूचं प्रकाश ओळखणारं प्रथिन त्यांनी पेशींमध्ये घातलं. एका लाल प्रकाशाने ते एनआयआर शोषायला लागतं, आणि एनआयआर दिला की थांबतं. दोन्ही अवस्थांत चित्र घ्यायचं आणि एकातून दुसरं वजा करायचं. रक्त दोन्हीकडे तेच, म्हणून कटलं. उरलं ते फक्त हलणारं. उंदराच्या अंगात साधारण १ सेंटीमीटर खोलीवरच्या पेशी त्यांना अशा वेगळ्या दिसल्या. गंमत म्हणजे त्या प्रथिनातलं रंगद्रव्य आपल्याही अंगात बनतं. मुका मार लागल्यावर काही दिवसांनी वळ हिरवट दिसतो ना? तेच ते, बिलिव्हर्डिन.

मग जिवाणूचं प्रथिन कशाला, तसाच छोटा रेणू लॅबमध्ये बनवा की! लोक मागे लागलेत. अडचण ऊर्जेची आहे. ८०० नॅनोमीटरच्या प्रकाशकणात ४०० वाल्याच्या निम्मीच ऊर्जा असते. एवढ्याशा धक्क्याने उलटणारं बटण बनवायचं म्हणजे ते हलकं करावं लागतं, आणि हलकी कडी वाऱ्यानेही उघडते. शरीराची ३७ अंशांची ऊब हाच इथला वारा. जिवाणूने हे कसं सोडवलं? रंगद्रव्याला प्रथिनाच्या कप्प्यात आवळून बसवून. आपला सुटा रेणू उघड्यावर असतो, त्याला असा कप्पा नाही.

हा भाग रेकॉर्ड करण्याआधी मावशीला फोन करून तिची गोष्ट सांगू का असं विचारलं. "सांग गं, नाव नको घेऊस," म्हणाली. मग मी तिला पेगुलिसियानीनबद्दल सांगितलं. तिचा पहिला प्रश्न होता, "म्हणजे तेव्हा हे असतं तर दुसऱ्यांदा झोपवलं नसतं मला?" मी म्हटलं, कदाचित. ३५७ मधल्या २७ मध्ये तू असतीस तर. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आणि त्या ॲलर्जीवाल्यांत असते तर?"

यावर माझ्याकडे काही उत्तर नव्हतं. तिने विषय बदलून आमटीकडे नेला.

पुढच्या भागात ऑक्सिमीटर. सावळ्या त्वचेवर त्याचा आकडा कधी कधी का चुकतो, हे बऱ्याच जणांनी विचारलंय. तोपर्यंत हळदीवर साबण आणि लिंबू, दोन्ही करून बघा. फक्त पांढरा शर्ट घेऊ नका.